बार भरणाऱ्याशी बोलू नये

मी, पुरुषोत्तम गुरुनाथ खांबेटे, वय साठ, राहणार नॉकनाकारा, गॉलवे, आयर्लंड, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि कोणत्याही नशेच्या अमलाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी नशेत धरू नये. २०१५ साली केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. ते इंग्रजीत होतं, नीटनेटकं होतं, आणि त्यात माझ्याबद्दल एकही खरी गोष्ट नव्हती.

भाषेबद्दल वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. भाषा कोणतीही चालते, सही मात्र दोन साक्षीदारांसमोर व्हावी लागते, आणि पुढे अधिकृत भाषांतर जोडावं लागेल. मराठीत का, ते सहाव्या कलमात येईल.

घाई का, तेही सांगतो. एकोणीस वर्षं मी इथल्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या हृदयात बसवायच्या झडपांची मापं तपासली. आता माझीच झडप बदलायची आहे आणि करोनाच्या साथीमुळे शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली. यात रुग्णालयाचा दोष नाही. खरं सांगायचं तर तारीख पुढे गेली तेव्हा मला वाईटही वाटलं नाही.

कलम १. माझा दहनविधी शॅननला करावा. सध्याच्या नियमाप्रमाणे दहा माणसांना परवानगी आहे. काल मी यादी करायला बसलो: माझी मुलगी गुंजन, नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी पॉरिक, शेजारच्या नुआलाबाई. चौथं नाव आपोआप लिहिलं गेलं ते चारुदत्तचं, आणि तो जानेवारीत गेला. तेव्हा नियम सैल होण्याची वाट पाहू नये. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागेल, तिला कोणी उत्तर देत बसू नये. भाषण तर मुळीच नको.

कलम २. पुण्यात कर्वेनगरला वडिलांच्या फ्लॅटमध्ये माझा धाकटा भाऊ मोरेश्वर राहतो. तो फ्लॅट त्याचाच. वीस वर्षं मी या फ्लॅटवरून त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आलो. त्या भल्या माणसाला त्याचा पत्ताही नाही. दर दिवाळीला ‘दादा, तब्येतीला जप’ असा मेसेज येतो. दुसऱ्यावर रागावण्याचा माझा अधिकार संपला आहे, म्हणून हा दावाही सोडतो.

कलम ३. गॅरेजमधली छोटी लेथ, मायक्रोमीटर आणि मोजमापाची बाकीची हत्यारं पॉरिकला द्यावीत. त्यातला काळ्या पेटीतला मायक्रोमीटर मी पिंपरीच्या टूलरूममधून आणला आहे. तिथले आमचे फोरमन बाळासाहेब मापात एक शतांश चूक निघाली तरी अख्ख्या पाळीला घरी जाऊ द्यायचे नाहीत. पॉरिकने घेण्याआधी पाचवं कलम ऐकावं. ऐकून नको म्हणाला तर भंगारात घालावीत.

कलम ४. माझ्या नावावर परवाना असलेलं शस्त्र एकच: ठासणीचं एकनळी पिस्तूल, जुन्या नमुन्यावरून इटलीत बनवलेलं. ज्यांनी असलं काही पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी मोजलेली काळी दारू ओतायची, मग कापडाच्या चकतीत धरलेली शिशाची गोळी, मग ती गजाने तळापर्यंत ठासायची, मागे टोपी बसवायची आणि नेम धरायचा. पंचवीस मीटरवर टार्गेट. अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले उत्तम दहा धरतात. प्रत्येक बारानंतर एवढा धूर होतो की गोळी कुठे लागली हे थांबून बघावं लागतं, आणि नासक्या अंड्यांचा वास शर्टाला दोन धुण्यांपर्यंत सोडत नाही. मला हे सगळं फार आवडायचं. आठवडाभर यंत्रांनी मोजून झालं की रविवारी आपल्या हाताने काहीतरी मोजावं, असं वाटायचं.

हे पिस्तूल घरात नाही. नोव्हेंबरात मी ते परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला देऊन आलो. क्लब बंद, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, आणि घरात मी आणि ते. दोघांनी एकत्र राहणं बरं नव्हतं. विक्रेत्याने कारण विचारलं नाही, चहा विचारला. माझ्या डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं आहे आणि त्या दर सोमवारी फोन करतात. पावती किचनच्या प्रेसमध्ये, चहाच्या डब्याखाली आहे. कपाटाला मीही आता प्रेसच म्हणतो. पिस्तूल कोणाला देऊ नये, विकू नये. नळी कापून ते नष्ट करावं.

कलम ५. या कलमात मालमत्ता नाही. बाकीची कलमं याच्यासाठी लिहिली आहेत.

चारुदत्त आराध्ये, मूळचा जळगावचा, इथल्या एका औषध कारखान्यात केमिस्ट, आयर्लंडमधला माझा सगळ्यात जवळचा मित्र. पॉरिकने २००९ साली आम्हा दोघांना एकाच दिवशी क्लबात नेलं. माझी बायको अलकनंदा २०१२ साली कॅन्सरने गेली तेव्हा गुंजन तेरा वर्षांची होती. पुढे तिचे डबे, तिचे ताप, तिची बंद दाराआडची रडारड हे सगळं चारुदत्तच्या बायकोने, संध्यावहिनींनी सांभाळलं. मी सांभाळलं असतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक आहे.

चारुदत्त विसराळू. चाव्या, पाकीट, पासपोर्ट, सगळं कुठे ना कुठे राहायचं. आणि गॅसची धास्ती. लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात त्याची आई भाजली होती. तेव्हापासून गॅस बंद केला की नाही या शंकेने तो ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या अथलोनपर्यंत गेलेली गाडी परत फिरवायचा. आम्ही सगळे त्याला त्यावरून चिडवायचो आणि तोही हसायचा.

क्लबचा पहिला नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे: बार भरणाऱ्याशी बोलू नये. दारू, कापड, गोळी, गज असा क्रम मनात चालू असतो. तो तुटला की काय झालं आणि काय राहिलं हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी गजावर एक खूण असते. खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी तळाला बसली. वर राहिली तर दारू आणि गोळीच्या मध्ये पोकळी राहते आणि बार उडवताना नळी फुटू शकते. चारुदत्तच्या गजावरची खूण मीच कोरून दिली होती.

रविवार, २३ सप्टेंबर २०१८. क्लबची वार्षिक स्पर्धा. नऊ वर्षं मी चारुदत्तला हरवत आलो होतो. त्या दिवशी दहा बार झाले तेव्हा तो माझ्या पुढे होता. माझी जागा त्याच्या शेजारचीच, आणि दुर्बिणीतून त्याचं टार्गेट मला स्पष्ट दिसत होतं. तो जिंकणार हे मला सहन झालं नाही. इतकं साधं आणि इतकं हलकट कारण आहे. अडीच वर्षं मी त्याला दुसरं नाव शोधतो आहे, सापडलेलं नाही.

तो अकरावा बार भरत होता. दारू ओतून झाली होती, गोळी नळीच्या तोंडाशी होती. मी त्याच्याकडे न बघता हळूच म्हणालो, “चारू, निघताना गॅस बंद केला होतास ना रे?”

धडाका अडवणारे पण बोलणं ऐकू देणारे इअरमफ आम्ही वापरायचो. त्याला ऐकू गेलं. त्याचे हात थांबले. तो टार्गेटकडे बघत राहिला, पण त्याला टार्गेट दिसत नव्हतं, जळगावचं स्वयंपाकघर दिसत असणार. मग त्याने गज घातला, दाबला, आणि काढला. काढण्याआधी खूण नळीपासून दोन बोटं वर होती. मला ती दिसली.

टोपी बसवायची होती, हात उचलायचा होता, नेम धरायचा होता. दहा-बारा सेकंद माझ्या हातात होते. एक ‘थांब’ पुरलं असतं. मी म्हणालो नाही. वाटलं, गोळी टार्गेटवर खाली लागेल, गुण जातील, एवढंच होईल. खरोखर एवढंच वाटलं होतं का, हे मला आता छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

त्याचं पिस्तूल माझ्या पिस्तुलासारखी नक्कल नव्हती. लिलावात हौसेने घेतलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं अस्सल होतं. नळी फाटली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. त्यानंतर शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायच्या.

चारुदत्तने रुग्णालयातून पॉरिकला कळवलं की पुरू माझ्याशी बोलला. पॉरिकने मला क्लबच्या खोलीत बोलावून विचारलं. आणखी दोघांनी मराठीतलं काहीतरी ऐकलं होतं, त्यामुळे बोललोच नाही म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, मी माझे बार मोजत होतो. मोठ्याने मोजायची सवय आहे, आणि मोजतो मराठीतच.

स्पर्धेच्या वेळी गुंजन आमच्या मागच्या बाकावर बसलेली होती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्या कानांवरही तसलेच इअरमफ होते. पॉरिकने तिलाही खोलीत बोलावलं होतं. तो तिच्याकडे वळला आणि चारुदत्तला इथल्या बोलीत ‘युवर मॅन’ म्हणत त्याने विचारलं. “गुंजन, यू हॅव द लँग्वेज. वॉज युवर डॅड टॉकिंग टू युवर मॅन, ऑर वॉज ही काउंटिंग?”

मी तिच्याकडे पाहिलं. धमकावलं नाही, विनवलं नाही, नुसतं पाहिलं. तिला आई नव्हती, बाप एवढाच होता, आणि ते मला ठाऊक होतं.

“काउंटिंग,” ती म्हणाली. “आय थिंक. माय मराठी इजन्ट ग्रेट.”

अहवालात नेमबाजाचा स्वतःचा निष्काळजीपणा असं लिहिलं गेलं. पॉरिकची यात चूक नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. चारुदत्तचा परवाना गेला, क्लब गेला, आणि ज्याला त्याला तो ‘पुरू बोलला’ सांगत राहिला म्हणून मित्रमंडळही हळूहळू गेलं. ऑक्टोबरात एकदा संध्यावहिनी माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, मला एकच सांगा. तुम्ही ह्यांच्याशी बोललात का? गुंजनची शपथ घालत नाही, नुसतं सांगा.”

मी म्हणालो, “नाही वहिनी. मी मोजत होतो.”

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं नेहमीचंच आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” आणि जाताना त्यांनी मला लाडवांचा डबा दिला. मी ते लाडू खाल्ले.

कलम ६. त्या रविवारपासून गुंजनला मराठी येत नाही.

इथली आपली मुलं उत्तरं इंग्रजीत देतात, पण कळतं त्यांना सगळं. गुंजनलाही कळायचं. मोरेश्वर फोनवर पुणेरी टोमणा मारायचा आणि ही माझ्याआधी हसायची. आता मी फोनवर “जेवलीस का” विचारलं तरी पलीकडून येतं, “सॉरी डॅड, आय डोन्ट गेट दॅट.” सुरुवातीला वाटलं, राग आहे, ओसरेल. मग कळलं की ती एकदा सांगितलेलं खोटं खरं करते आहे. ती पुढे डब्लिनला गेली, शिकली, आता बॉल्सब्रिजला एका ऑफिसात काम करते. अलकनंदाने आजारपणात तिच्यासाठी बोलून ठेवलेल्या निरोपांचा पेनड्राइव्ह तिच्याकडे होता. तो तिने २०१९ साली मला पोस्टाने परत पाठवला. सोबत इंग्रजीत एक ओळ होती, मला यातलं काही समजत नाही, तुमच्याकडेच असू द्या. माझ्यामुळे त्या पोरीने आईचा आवाजसुद्धा टाकून दिला.

तो पेनड्राइव्ह गुंजनला द्यावा. आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं, कारण तिला मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, ऐकलेलं मात्र सगळं कळतं. मराठीत लिहिण्याचं कारण हेच.

गुंजन, तुला त्या दिवशी शब्द न् शब्द कळला होता. खोटं तू बोलली नाहीस, मी तुझ्या तोंडून बोललो. तुला मराठी येते. तुझ्या आईने शिकवलेली आहे, ती माझ्यापायी विसरू नकोस. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

कलम ७. नॉकनाकाऱ्याचं राहतं घर, त्यावर आता कर्ज नाही. त्याचा अर्धा हिस्सा गुंजनला आणि अर्धा श्रीमती संध्या चारुदत्त आराध्ये यांना द्यावा. हात गेला, नाव गेलं, माणूस गेला, त्याची भरपाई अर्ध्या घराने होत नाही हे मलाही कळतं. माझ्याकडे यापेक्षा मोठं काही नाही.

कलम ८. हे मृत्युपत्र गुंजन आणि पॉरिक यांच्यासमोर मोठ्याने वाचायला, आणि पॉरिकला इंग्रजीत सांगायला, एक माणूस लागेल. गेल्या डिसेंबरात केलेल्या कच्च्या मसुद्यात इथे चारुदत्तचं नाव होतं. त्याने वाचावं, त्याच्या तोंडून सगळ्यांना कळावं, आणि तोवर मी मेलेला असावा म्हणजे मला त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागणार नाही, असा माझा बेत होता. भित्र्याचा बेत. तोही साधला नाही. १९ जानेवारीला चारुदत्त करोनाने गेला. मी त्याच्या घरापासून दोन किलोमीटरवर राहतो, आणि अडीच वर्षांत ते दोन किलोमीटर चालून गेलो नाही.

अंत्ययात्रेला दहांतली जागा मागायचं तोंड नव्हतं. इथल्या लोकांसारखा मीही रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. शववाहिनी हळू गेली. मागच्या गाडीत संध्यावहिनी होत्या. त्यांनी काचेतून मला पाहिलं आणि हात जोडून नमस्कार केला. नवऱ्यावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला, आणि अजून ठेवून आहेत. त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. यातून मी बाहेर येईन असं मला वाटत नाही, आणि यावं असंही वाटत नाही.

म्हणून वाचक म्हणून मी संध्यावहिनींना नेमतो. याची एक प्रत बंद पाकिटात घालून आज अकरा वाजता त्यांना इथे बोलावून देणार आहे. माझ्या मृत्यूनंतरच ती उघडावी, अशी विनंती पाकिटावर लिहिली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, आणि त्यात मापाची चूक नाही. साक्षीदार बागेत आणि मी किचनच्या खिडकीआड, अशा रीतीने सही केली आहे.

पुरुषोत्तम गुरुनाथ खांबेटे (सही)
नॉकनाकारा, गॉलवे. गुरुवार, ११ मार्च २०२१.

साक्षीदार पहिला: पॉरिक, क्लबचा सेक्रेटरी (सही, इंग्रजीत)

साक्षीदार दुसरा: ~~नुआलाबाई, शेजारी~~

नुआलाबाईंचं नाव मी खोडलं आहे, त्यांना विचारून. पाकीट मी तुमच्याच दारासमोर गाडीत बसून फोडलं. कोणाच्या मरणाची वाट बघत पाकिटं सांभाळणारी बाई मी नाही.

पुरुषोत्तम खांबेटे यांनी काचेपलीकडे उभं राहून माझ्यासमोर वरची सही केली. मी साक्षीदार आहे ती तेवढ्याचीच. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काहीही मिळत नाही, हे तुमच्या वकीलबाईंना गाडीतूनच फोन करून विचारून घेतलं, आणि म्हणून ही सही करते आहे. तुमचं घर मला नको. पॉरिकही साक्षीदार आहेत, तेव्हा ती हत्यारंही त्यांना मिळणार नाहीत, हे बघून घ्या.

गुंजनला मी काही वाचून दाखवणार नाही. ती जिवंत आहे, तुम्ही जिवंत आहात, फोन तुमच्या हातात आहे. पॉरिकना मी इथेच, बागेतच सगळं सांगते आहे.

रुग्णालयातून शेवटचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ह्यांना धड श्वास घेता येत नव्हता. तरी म्हणाले, “संध्या, पुरू बोलला होता गं.” मी म्हणाले, “पुरे झालं आता, सोडा तो विषय.” त्यांनी सोडला.

संध्या चारुदत्त आराध्ये (सही)
११ मार्च २०२१, सकाळी पावणेबारा.